मुलाचा शब्द प्रमाण मानावा का? ‘ताकोपी’, ‘फँड्री’ आणि दुर्लक्षाचा अर्थ

(हरसूल येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस जपानी कार्टूनवर काय बोलणार? रास्त शंका आहे. माझ्या पिढीला कार्टून म्हणजे उंदीर-मांजराची पळापळ. पण जपानमध्ये चित्रपट्टीचा, म्हणजे ॲनिमेचा, वापर फार गंभीर गोष्टी सांगण्यासाठी होतो. हरसूलकरांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही. आपल्या या भागात बोहाडा होतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर रात्रभर मुखवटे घालून सोंगं नाचतात. मुखवटा आहे म्हणून तो पोरखेळ आहे, असं कुणी म्हणतं का? उलट, उघड्या चेहऱ्यानं सांगायला जड जातं ते मुखवटा सांगून जातो. रंगीत चित्रांचंही तसंच आहे.

आज दोन गोष्टी समोर ठेवतो. एक जपानची, एक आपल्या महाराष्ट्राची. दोन्हींत शाळकरी मुलं आहेत, त्यांचा छळ आहे आणि हतबल किंवा बेपर्वा मोठी माणसं आहेत. या दोन्हींच्या आधारानं मला एकच प्रश्न विचारायचाय: आपण ‘मुलांकडे दुर्लक्ष’ म्हणतो, तेव्हा नेमकं कशाकडे दुर्लक्ष झालेलं असतं?

सुख वाटायला आलेला पाहुणा

पहिली गोष्ट ‘ताकोपी नो गेन्झाई’, म्हणजे ‘ताकोपीचं मूळ पाप’. ताइझान फाइव्ह या टोपणनावाच्या लेखकानं ही चित्रकथा डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात लिहिली. प्रकरणं फक्त सोळा. २०२५ मध्ये तिची सहा भागांची ॲनिमे मालिका आली. दिसायला गोड, गुलाबी चित्र. आत मात्र फार कडू औषध आहे. आधीच सांगून ठेवतो, ही मालिका लहान मुलांसाठी नाही.

ताकोपी हा ऑक्टोपससारखा दिसणारा परग्रहावरचा जीव. जगात सुख वाटायला निघालाय. त्याला भेटते शिझुका, चौथीतली मुलगी. वडील घर सोडून गेलेत, आई रात्रीच्या कामाला जाते, मुलीकडे बघत नाही. शाळेत मारिना नावाची वर्गमैत्रीण तिचा रोज छळ करते. शिझुकाला एकच आधार, तिचा कुत्रा. ताकोपीकडे जादूच्या वस्तूंचं पोतडं आहे. तो तिला एकेक वस्तू देऊ करतो. तिच्या अंगावरचे वळ, फाटलेलं दप्तर त्याला दिसतं, पण त्याचा अर्थ त्याला कळत नाही. पुढं काय होतं? मैत्री जुळावी म्हणून दिलेल्या वस्तूनंच ती स्वतःचा जीव संपवते. हे पहिल्याच भागात.

ताकोपी काळ मागं नेतो. पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा फसतो. एकदा तर तिला वाचवायच्या नादात त्याच्याच हातून मारिना मरते. सुख वाटायला निघालेला हा जीव दुःखाचा गुंता वाढवतच जातो. कारण तो देतो फार, विचारत काहीच नाही.

‘मूळ पाप’ ही ख्रिस्ती धर्मविचारातली कल्पना. माणूस स्वतः काही करण्याआधीच पूर्वजांच्या दोषाचा वारसा घेऊन येतो, असा तिचा ढोबळ अर्थ. या गोष्टीत तो वारसा स्पष्ट दिसतो. मारिना दुष्ट म्हणून जन्मलेली नाही. तिचे वडील शिझुकाच्या आईच्या नादी लागलेत, त्यामुळे घर मोडलंय, आणि मारिनाची आई सगळा राग मुलीवर काढते. मारिना तोच राग शाळेत आणते. मोठ्यांचं भांडण, पण मार खाते चौथीतली पोर. आपल्याकडे म्हणतात, वड्याचं तेल वांग्यावर. इथं वांगंही लहान मूल आणि वडाही लहान मूल!

जवळ असूनही नसणं

आता दुर्लक्षाकडे येऊ. शब्द बघा: लक्ष, आणि त्याच्याआधी ‘दुर्’. म्हणजे लक्ष नसणं इतकाच अर्थ नाही, लक्ष भलतीकडे किंवा वाईट तऱ्हेनं असणं हाही आहे.

त्याच मालिकेत आझुमा नावाचा मुलगा आहे. त्याची आई डॉक्टर. घरात आहे, खायला घालते, अभ्यासाचं विचारते. पण विचारते फक्त मार्क. मोठ्या हुशार भावाशी सतत तुलना. हा मुलगा शिझुकाइतकाच एकटा आहे. शिझुकाच्या आईचं लक्ष नाही आणि आझुमाच्या आईचं लक्ष फक्त गुणपत्रिकेवर आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या परिसरात घरोघर आहे. भाताची कापणी झाली, दिवाळी सरली, की इथली किती माणसं कामाला बाहेर पडतात! कुणी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभं राहतं, कुणी द्राक्षबागेत जातं, कुणी बांधकामावर. मुलं आश्रमशाळेत राहतात, नाहीतर आजी-आजोबांजवळ. शहरातला माणूस पटकन म्हणतो, आई-बापांचं लक्ष नाही. मी याला दुर्लक्ष म्हणणार नाही. ही गैरहजेरी आहे, आणि ती पोटासाठी आहे. ज्या व्यवस्थेनं त्यांना गावात काम दिलं नाही, तिचं दुर्लक्ष आधी मोजायला हवं.

पण इथं एक बारीक गोष्ट आहे. आई-बापाला माहीत असतं की आपण पोटासाठी गेलोय. सात वर्षांच्या पोराला ते माहीत असेलच असं नाही. त्याच्या मनात ‘मला टाकून गेले’ असंही उमटू शकतं. गैरहजेरी आणि टाकून देणं, यातला फरक मुलाला आपोआप कळत नाही. तो सांगावा लागतो, आणि त्याच्या मनात काय आलं हे विचारावंही लागतं.

म्हणून दुर्लक्ष ओळखायची माझी कसोटी साधी आहे. या मुलाच्या बाबतीत आज काय घडलं, हे जगातल्या एका तरी मोठ्या माणसाला माहीत आहे का? आई असो, आजी असो, वसतिगृहाच्या अधीक्षक बाई असोत, स्वयंपाकाच्या मावशी असोत. एक माणूस पुरतं. एकही नसेल तर घर भरलेलं असलं तरी ते मूल दुर्लक्षित आहे.

जब्याचा दगड

दुसरी गोष्ट आपली. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेला राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर.

जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचा जीव आहे, तो काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ फिरतो. घरचं काम काय, तर गावातली डुकरं पकडणं. गावानं हुकूम सोडला, की बाप कचरूला, म्हणजे किशोर कदमांना, कुटुंब घेऊन डुकरामागं धावावं लागतं. आणि हे सगळं शाळेच्या शेजारी, वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर. गाव हसतं, पोरं चिडवतात. जब्या लपून बसतो. बाप त्याला शोधून काढतो आणि मारतो.

इथं थांबू. कचरू वाईट बाप आहे का? मुळीच नाही. मुलीचं लग्न तोंडावर आलंय, हाताला दुसरं काम नाही, गावापुढं मान वर करायची सोय नाही. जो स्वतः आयुष्यभर ऐकला गेला नाही, त्याच्याकडे मुलाचं ऐकायला कान उरत नाहीत. पण ‘तू का लपलास?’ हा प्रश्न सबंध चित्रपटात जब्याला कुणी नीट विचारत नाही. बाप विचारत नाही, शाळा नाही, गाव तर नाहीच.

आणि शाळा काय करते? डुकरामागं पळापळ चालू असताना राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. पुढं मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन हे लोक जातात, ते शाळेच्या भिंतीवरून. भिंतीवर बाबासाहेबांची, महात्मा फुल्यांची, सावित्रीबाईंची चित्रं. चित्रं भिंतीवर आहेत आणि त्यांच्याखालून काय चाललंय, हे बघायला शाळेत कुणी नाही. शेवटी जब्या दगड उचलतो आणि चिडवणाऱ्याच्या दिशेनं फेकतो. तो दगड थेट पडद्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. अंधार. चित्रपट संपतो.

एक काळजी घ्यायला हवी. शिझुकाचं दुःख आणि जब्याचं दुःख एकाच मापानं मोजू नये. तिथं मोडलेली घरं आहेत, इथं जात आहे. जब्याला चिडवणारा पोरगा जे शब्द वापरतो ते त्याला गावानं दिलेत. त्यामुळे ‘मुलं काय, चिडवायचीच’ असं म्हणून हे प्रकरण मिटत नाही. पण दोन्ही गोष्टींत समान काय? मुलाला जे माहीत आहे, त्याला किंमत नाही.

आप्त कोण?

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. पण कुणीही सांगितलेलं नाही, आप्तानं सांगितलेलं. मग आप्त कोण? आपण मराठीत आप्त म्हणजे नातलग समजतो. नैयायिकांचा अर्थ वेगळा. ज्याला गोष्ट स्वतः कळलेली आहे आणि ती जशीच्या तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाचं भाष्य तर स्पष्ट म्हणतं, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. जात, पद, विद्या यांचा संबंध नाही. मग वयाचा तरी का असावा?

‘मला भीती वाटते’, ‘रात्री ती मुलं मला त्रास देतात’, ‘सर सगळ्यांसमोर आमच्या बोलीची टिंगल करतात’ ही वाक्यं घ्या. याचं ज्ञान त्या मुलाशिवाय जास्त कुणाला असणार? या विषयापुरतं ते मूल आप्त आहे. आणि आपण म्हणतो, ‘काहीतरी बोलू नकोस’. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या आपल्या ग्रंथात या अन्यायाचं विवेचन केलंय. माणूस कोण आहे हे बघून त्याच्या शब्दाची किंमत कमी करणं, हा ज्ञानाच्या बाबतीतला अन्याय आहे. जब्याच्या बाबतीत तो दुहेरी होतो: मूल म्हणून एकदा, जातीमुळे दुसऱ्यांदा.

थोडक्यात, मुलाला आप्त असतात पुष्कळ. त्याला आप्त मानणारं कुणी नसतं.

‘ताकोपी’चा शेवट म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. ताकोपी स्वतःचं अस्तित्व खर्ची घालून काळ शेवटचा मागं नेतो. त्या जगात तो नाही, जादूच्या वस्तूही नाहीत. शिझुका आणि मारिना एका साध्या रेखाटनापाशी थबकतात. आठवत काहीच नाही, पण दोघींना रडू येतं आणि त्या एकमेकींशी बोलू लागतात. आया सुधारल्या का? नाही. घरं तशीच आहेत. फक्त आता प्रत्येकीचं दुःख माहीत असलेलं दुसरं माणूस आहे. लेखक याहून जास्त आशा देत नाही आणि खोटीही देत नाही.

आपल्या हातात काय आहे?

कायदा आपल्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा, भारतानं तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित बाबीत त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो. तो वसतिगृहात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहा, कार्यालयाच्या दारामागं नको.

पण कायदा शेवटी येतो. आधी येतो संध्याकाळचा फोन. कामावरून पालक फोन करतात, तेव्हा ‘जेवलास का? अभ्यास केलास का?’ एवढ्यावर बोलणं संपतं. त्यात एक प्रश्न वाढवा: ‘आज तुला कुणी हसलं का? तू कुणाला हसलास का?’ दुसरा भाग विसरू नका. छळणारं मूलही आपलंच असतं. आणि हे त्याच्या बोलीत विचारा, कोकणीत, वारलीत, जी घरात बोलता तिच्यात. दुःख प्रमाण मराठीत सांगता यावं अशी अट घालू नका.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: मुलं खोटंही बोलतात. प्रत्येक तक्रार खरी कशी मानायची?*

चांगला प्रश्न आहे. प्रमाण मानणं म्हणजे डोळे मिटून निकाल देणं नव्हे. समोर आलेला शब्द सबळ कारण मिळेपर्यंत झिडकारायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. खोटं पकडायचं असेल तरी आधी पूर्ण ऐकावं लागतं. शिवाय मूल खोटं बोलत असेल, तर का बोलतं हेही विचारा. बरेचदा त्यामागं भीती असते, आणि ती भीती खरी असते.

*प्रश्न: मी शिक्षिका आहे. ही मालिका वर्गात दाखवू का?*

नको. आत्महत्येचा प्रसंग आहे, लहान वर्गांना ते झेपणार नाही. तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी पाहा. आठवी-नववीच्या मुलांसोबत ‘फँड्री’ पाहता येईल, पण त्यासाठी दोन तास ठेवू नका, चार ठेवा. नंतरचे दोन बोलण्यासाठी. आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, मुलं ‘छान’ म्हणून मोकळी होतील. ‘जब्या लपला तेव्हा त्याला कुणी काय विचारायला हवं होतं?’ असं विचारा. मग गप्प बसा आणि वाट पाहा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलणार नाही. त्यानंतर जे मूल बोलेल, ते कदाचित जब्याबद्दल बोलत नसेल. तिथं लक्ष द्या.