तळहातावरचा आगीचा बंब

‘बंब’ म्हटले की आपल्यापुढे दोन वस्तू येतात. एक न्हाणीघरातला तांब्याचा, दुसरा आग विझवणारा. या दोहोंची गाठ पडलेली पाहायची असेल तर इंग्लंडातला शँड-मेसन कंपनीचा जुना बंब पाहावा. गाडीच्या पाठीवर उभा बॉयलर, खाली जाळ, वर धुराडे. मात्र वाफेवर चाके फिरत नसत. गाडी घोडे ओढीत आणि वाफ चालवी तो पंप, जसे आपल्याकडे ऑइल इंजिनाने विहिरीचे पाणी उपसत तसे.

लंडनच्या लेस्नी कंपनीने १९६० साली या बंबाची तळहातावर मावणारी धातूची प्रतिकृती काढली. लेस्ली आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी १९४७ साली ही कंपनी काढली होती. नावे अर्धी-अर्धी जोडून ‘लेस्नी’ झाले. आडनाव एक, पण नाते काही नव्हते. त्यांचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई. त्यांनी तिला चिमुकला रोडरोलर करून दिला आणि ‘मॅचबॉक्स’ गाड्या जन्मल्या. पुढे आगपेटीच्याच नावाने आगीचे बंब विकले गेले, ही गंमतच!

शँड-मेसनच्या पहिल्या प्रतिकृतींवर केंटच्या अग्निशमन दलाचे नाव होते, मागाहून लंडनचे आले. घोडेही आधी फिक्या रंगाचे, नंतर काळे. संग्राहक अशाच फरकांवर जीव टाकतात. आपल्याला हे वेड वाटेल. पण बैलाची शिंगे आणि वशिंड पाहून किंमत करणाऱ्यांनी त्यांना हसू नये.

गाडी ओतायची रीत अशी: जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळून वितळवायचे व तो रस दाबाने पोलादी साच्यात भरायचा. जस्त शुद्ध असले तर गाडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यात शिशाचा अंश राहिला की घात होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ‘डिंकी’ गाड्यांत हा दोष पुष्कळ आढळतो. रंग वरून ठीक दिसतो, पण धातू आतून फुगतो, चिरा पडतात आणि एके दिवशी सोंडे लागलेल्या ज्वारीसारखे हाती पीठ येते. याला जस्ताची कीड म्हणतात. खरी कीड नव्हे, म्हणून शेजारच्या गाडीला ती लागत नाही. पण औषधही नाही. ओल आणि उष्णता टाळली तर झीज मंदावते, एवढेच.

डिंकीचे काही जुने साचे पुढे कोलकात्यात आले व त्यांतून ‘निकी’ नावाच्या गाड्या निघाल्या. तेव्हा तुमच्याही माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची एखादी धातूची गाडी निघू शकेल. निघालीच तर चिंचेने घासू नका आणि रंगाचा डबा तर मुळीच उघडू नका. टवके उडालेल्या मूळ रंगाला संग्राहक मोल देतात, नव्या रंगाने ते जाते. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, कोरड्या कपड्याने पुसा, चुलीपासून आणि ओलीच्या भिंतीपासून दूर फडताळात ठेवा. तळ उलटून पाहा, कंपनीचे नाव बहुधा तिथेच असते. आणि पुठ्ठ्याची मूळ पेटी फाटकी असली तरी बंबात घालू नका, म्हणजे न्हाणीघरातल्या!