नागझिऱ्यातली ती रात्र

२०१८चा व्हेनिस चित्रपट महोत्सव. ग्रीक दिग्दर्शक योर्गोस लँथिमॉसने एमा स्टोनला घेऊन केलेला ‘द फेव्हरिट’ तिथे गाजला. त्याच महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात झाली आपल्या राही अनिल बर्वेच्या ‘तुंबाड’ने! दोन्ही जुन्या काळातले, दोन्ही डार्क.

पण पवनीकरांनो, ‘तुंबाड’चं बी कुठं पडलं माहितीये? तेव्हाच्या अखंड भंडारा जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात. १९९३मध्ये तिथल्या जंगलात रात्री मित्राने राहीला नारायण धारपांची कथा सांगितली. तो जाम टरकला. २०१२चं शूटिंग मनासारखं जमलं नाही, मग पुन्हा केलं. गोष्ट पडद्यावर यायला २५ वर्षं लागली.

तेव्हा हॉस्टेलवर कुणी भुताची गोष्ट सांगत असेल, तर मोबाइल बाजूला ठेवून ऐका.