गोलांची खतावणी आणि कोरा रकाना

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत हे विषय सोडून फुटबॉलच्या गोलांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आमचे अर्धे आयुष्य हजेरीपत्रके, पगारपत्रके आणि सेवापुस्तिका चाळण्यात गेले आहे, आणि ज्याला आजची मुले ‘डेटाबेस’ म्हणतात ती वस्तू आम्हांस त्याच कुळातली दिसते. कोणत्या खेळाडूने कोणत्या साली, कोणाविरुद्ध, किती गोल केले हे क्षणात शोधून देणारी साधने आज मोबाइलवर सर्वांना मिळतात. त्यांना प्रश्न कसा विचारावा आणि आलेल्या उत्तरावर कितपत विसंबावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. उदाहरणे प्रथम आपल्या दारातलीच घेऊ. नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण मुळात क्रिकेटचे; पण गोलांच्या हिशेबातले बहुतेक सारे पेच तेथे घडून गेलेले आहेत.

हे साधन आतून कसे असते ते आधी पाहू. त्यात फार मोठी विद्या नाही. एक गोल म्हणजे वहीतली एक ओळ. त्या ओळीत रकाने असतात : सामन्याची तारीख, मैदान, स्पर्धा, दोन्ही संघ, गोल करणारा, कितव्या मिनिटाला, पेनल्टीवर की चालू खेळात. अशा लाखो ओळी एकाखाली एक लिहिलेल्या आहेत अशी कल्पना करा. आपण प्रश्न विचारतो म्हणजे चाळण्या लावतो. ‘इंडियन सुपर लीग’ ही एक चाळणी, ‘2015’ ही दुसरी, ‘मुंबई सिटी’ ही तिसरी. तिन्हींतून जे खाली पडते ते आपले उत्तर.

यात एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. 28 ऑक्टोबर 2015 रोजी नेरूळला सुनील छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध 3 गोल केले. त्या स्पर्धेत भारतीय खेळाडूने केलेली ती पहिली हॅटट्रिक. त्याच्या आदल्या मोसमात, 18 ऑक्टोबर 2014 रोजी, त्याच मैदानावर ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने पुणे सिटीविरुद्ध स्पर्धेतली पहिलीच हॅटट्रिक केली होती. आता वहीत ‘हॅटट्रिक’ असा शब्द कोणी लिहून ठेवलेला असावा लागत नाही. एकाच सामन्याच्या ओळींत एकच नाव तीनदा आले की यंत्र ते मोजते आणि हॅटट्रिक म्हणून आपल्यापुढे ठेवते. म्हणजे तीन ओळींपैकी एका ओळीत नाव चुकले, तर हॅटट्रिक उडाली. यंत्राचा त्यात काही दोष नाही. पगारपत्रकात कारकुनाची लेखणी घसरली की कामगाराचा ओव्हरटाइम जसा उडतो, तसेच हे.

पण मुळात गोल म्हणजे काय? प्रश्न पोरकट वाटतो. नेरूळकडे पाहू म्हणजे तो तसा नाही हे कळेल.

17 वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा एक उपांत्य सामना 25 ऑक्टोबर 2017 रोजी तेथे झाला. स्पेनने मालीला 3-1 असे हरवले. उत्तरार्धात मालीच्या एका खेळाडूने दुरून मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून खाली आपटला. टीव्हीवर पुन्हा दाखविलेल्या चित्रात तो रेषेच्या आत पडलेला दिसला. पंचांनी गोल दिला नाही. वहीत मालीच्या नावावर त्या दिवशी एकच ओळ आहे आणि ती एकच राहणार. लोकांनी पाहिलेला गोल आणि लिहिलेला गोल या दोन निराळ्या वस्तू आहेत. यंत्राला फक्त दुसरी ठाऊक असते.

दुसरे उदाहरण उलट्या टोकाचे. 20 जानेवारी 2022 रोजी महिलांच्या आशियाई चषकात भारत आणि इराण यांचा सामना नेरूळला 0-0 असा सुटला. पुढे भारतीय संघात कोरोनाची लागण झाली, 23 जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध उभे करावयास पुरेसे खेळाडू उरले नाहीत, आणि स्पर्धेच्या नियमांप्रमाणे भारताने माघार घेतली असे धरून त्याचे आधीचेही सामने रद्दबातल ठरविण्यात आले. म्हणजे 90 मिनिटे घाम गाळून खेळलेला सामना गुणतक्त्यातून नाहीसा झाला. आता एखाद्या मुलीची दर सामन्यामागे गोलांची सरासरी काढावयाची असेल तर तो सामना भाजकात धरावयाचा की नाही? तुमच्या साधनाने तो धरला आहे की गाळला आहे, हे पाहिल्याखेरीज सरासरीला काही अर्थ नाही. आमच्या मते तो धरावा; काम केले आहे, मग हजेरी का मांडू नये? पण नियम करणाऱ्यांनी आम्हांस विचारलेले नाही.

तिसरे उदाहरण त्याच वर्षातले. 30 ऑक्टोबर 2022 रोजी 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळला झाला आणि स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवून चषक नेला. तो एकमेव गोल 82व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका मुलीकडून झालेला स्वयंगोल होता. तिचे नाव वहीत आहे. आपण ते येथे घेऊ नये असे आम्हांस वाटते. मुद्दा हिशेबाचा आहे. त्या सामन्यात स्पेनच्या संघाचे गोल 1, आणि स्पेनच्या सर्व खेळाडूंच्या गोलांची बेरीज 0. ज्याला हे ठाऊक नाही तो दोन बेरजा जुळत नाहीत म्हणून साधनाला लबाड ठरवील. स्वयंगोल, न खेळता बहाल केलेले 3-0 असे निकाल, आणि सामना बरोबरीत सुटल्यावर मारलेल्या निर्णायक पेनल्टी, जी खेळाडूच्या गोलांत धरावयाचीच नसते, या तीन ठिकाणी बेरीज नेहमी अडखळते. प्रथम तेथे पाहावे.

आता वही कायमची असते काय? तसेही नाही. 1930 साली पहिला विश्वचषक उरुग्वेत झाला. त्यातली पहिली हॅटट्रिक अर्जेंटिनाच्या गिएर्मो स्ताबिलेची, 19 जुलैची, असे कित्येक वर्षे छापले जात होते. वास्तविक 17 जुलै रोजी अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडने पॅराग्वेविरुद्ध 3 गोल केले होते. पण त्यातला एक गोल काही नोंदींत त्याच्या सोबत्याच्या नावावर, तर काहींत स्वयंगोल म्हणून पडला होता. जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, 2006 साली तो गोल त्याला दिला आणि पहिली हॅटट्रिक त्याची ठरली. पॅटनॉड 1974 सालीच वारला होता. तो फॉल रिव्हर गावचा, आणि फॉल रिव्हर म्हणजे मॅसॅच्युसेट्समधले कापडगिरण्यांचे गाव. आमच्या गिरणगावातल्या माणसांना या गोष्टीत नवे काही वाटणार नाही. दावा मान्य व्हावा आणि दावेदार हयात नसावा, असे निकाल आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

हा झाला नोंद असूनही चुकीची असल्याचा प्रकार. याहून अवघड प्रकार नोंदच नसण्याचा, आणि आजचे खरे बोलणे त्याविषयी आहे.

नेव्हिल डिसोझा हे नाव जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे. मूळ गोव्यातल्या आसगावचा हा खेळाडू. 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा संघ न आल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. मग 1 डिसेंबर 1956 रोजी भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले आणि त्यातले 3 गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला 4-1 असे हरविले, पण त्या सामन्यातला पहिला गोल भारताचा, आणि तोही नेव्हिलचाच. एकूण 4 गोल करून तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीस बसला. हे सारे कोणतेही बरे साधन तुम्हांस देईल, गोलाच्या मिनिटासकट.

पण नेव्हिल पोटासाठी काय करीत होता? तो टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळला, कॅल्टेक्स या तेलकंपनीकडून खेळला. कॅल्टेक्सने 1958 साली रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईचा फुटबॉल त्या काळी कंपन्यांचा फुटबॉल होता. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्र, ओर्के मिल्स, रेल्वे, बँका : पोरगा चांगला खेळतो म्हणून नोकरी, आणि नोकरी आहे म्हणून खेळ. कूपरेज मैदानावर हार्वुड लीगचे सामने चालत, आणि कामावरून सुटलेली माणसे ते पाहावयास जात. त्या लीगमध्ये कोणी किती गोल केले, हे साधनाला विचारून पाहा. एक तर काहीच येणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘0’ येईल.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त फिटर आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झाले. तरुणपणी दुसऱ्या एका कंपनीच्या संघातून मुंबईत खेळत. त्यांच्या नातवाने एका साधनात आजोबांचे नाव घातले. उत्तर आले : सामने 0, गोल 0. नातू हसला. आजोबा आम्हांस म्हणाले, “साहेब, खेळलो नाही असं म्हणतंय हे. मग घोट्याचं हाड काय झोपेत मोडलं?”

ते शून्य आम्हांस फार ओळखीचे आहे. मस्टरवर दोन गोष्टी असतात. खाडा मांडलेला असतो, तेव्हा माणूस आला नाही हे कोणी तरी पाहून लिहिलेले असते. आणि रकाना कोरा असतो, तेव्हा कोणी काहीच लिहिलेले नसते. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण बेरीज करणाऱ्याला दोन्हींचे मिळते शून्यच. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षातले 240 दिवस भरल्याखेरीज छाटणीची भरपाई मागता येत नसे, आणि ते दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावरच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सांगितले. मस्टर मालकाच्या कपाटात, आणि पुरावा कामगाराने आणावयाचा! कंत्राटी माणसाचे वर्षच्या वर्ष अशा कोऱ्या रकान्यांत बुडालेले आम्ही पाहिले आहे. म्हणून यंत्राने ‘0’ म्हटले की आमचा पहिला प्रश्न असतो : हा खाडा आहे की कोरा रकाना?

कंपनी गेली की तिचे दप्तर जाते. कॅल्टेक्सचा येथील धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि तो 1978 साली हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेडचा संघ 2010 साली बंद झाला. रोव्हर्स चषक 1891 साली सुरू झाला आणि या शतकाच्या आरंभी थांबला. याउलट पेलेचे हजार गोल घ्या. 19 नोव्हेंबर 1969 रोजी मारकानावर त्याने हजारावा गोल केला म्हणून जगभर सोहळा झाला. त्या हजारांत मैत्रीपूर्ण सामन्यांतले गोल आहेत, सैन्यात असताना लष्कराच्या संघाकडून केलेले गोलही आहेत. कडक नियमाने मोजणारे ते गाळतात आणि आकडा पुष्कळ खाली येतो. आम्ही पेलेचे काही काढून घेऊ इच्छीत नाही. परंतु लष्कराच्या संघातले गोल वादापुरते तरी जिवंत राहिले, कारण कोणी तरी ते लिहून ठेवले. कूपरेजवरच्या गोलांविषयी वादसुद्धा होऊ शकत नाही.

तेव्हा साधन वापरणाऱ्याने काय करावे? तराजू घेताना आपण आधी ठाऊक असलेले वजन टाकून पाहतो. तसे, ठाऊक नसलेले विचारण्याआधी ठाऊक असलेले विचारावे. 1 डिसेंबर 1956 घालून पाहा. भारताच्या 4 ओळी, त्यांतल्या 3 नेव्हिलच्या, असे आले तर त्या काळातल्या ऑलिंपिकपुरते साधन विश्वासार्ह. ती स्पर्धा त्यात कोणत्या सालापासून भरली आहे, आणि निकालच भरले आहेत की गोल करणाऱ्यांची नावेही, हे पाहावे. पुष्कळ जुन्या स्पर्धांचे केवळ विजेते लिहिलेले असतात. जुन्या नोंदीत ‘मुंबई’ सापडणार नाही, ‘बॉम्बे’ घालावे लागेल. नावांचा तर सुळसुळाट आहे : डिसोझा हे नाव इंग्रजीत अर्धवर्तुळी चिन्हासह, त्यावाचून, जोडून आणि तोडून असे सर्व प्रकारे लिहिलेले असते, आणि यंत्राला हे चार निराळे इसम वाटतात. आडनाव मागे घेऊन केवळ तारीख आणि संघ यांवर शोधले तर हरवलेला माणूस पुष्कळदा सापडतो.

आणि कोरा रकाना भरावयाचा असेल तर? 1994 साली इंटरनेटवर काही हौशी मंडळींनी आर.एस.एस.एस.एफ. नावाची संस्था काढली. देशोदेशीचे फुटबॉलचे निकाल गोळा करून ती फुकट खुले ठेवते, पदरमोड करून. रोव्हर्स चषकाच्या विजेत्यांची वर्षवार यादी तिच्याकडे आहे. अशा वह्या बाहेरच्या माणसांनी पाठविलेल्या माहितीवरच वाढतात. तेव्हा ज्यांच्या घरी ट्रंकेत कात्रणे, संघाची छायाचित्रे, कंपनीच्या क्रीडामंडळाची पत्रे असतील त्यांनी ती फेकू नयेत. कात्रणावर वृत्तपत्राचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. छायाचित्राच्या मागे उभ्या ओळीतली नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत, टोपणनावे नकोत, पूर्ण नावे. आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्याकडून वदवून घ्यावे, पण नुसत्या आठवणीवर आकडा लिहू नये. आठवणीतले गोल दर दिवाळीला वाढतात. फिटरांच्या ट्रंकेत 3 कात्रणे निघाली. दोहोंत त्यांचे आडनाव गोल करणाऱ्यांत छापलेले आहे, एकात ते चुकीचे छापले आहे. तिसऱ्यावर तारीख नव्हती. तेव्हा आम्ही ते उलटून पाहिले. मागे सिनेमाची जाहिरात होती, चित्रपटाचे नाव आणि कितवा आठवडा हे शाबूत होते. तारीख नसलेले कात्रण हाती आले तर ते आधी असे उलटून पाहावे.