चित्राचा सातबारा : ‘नक्कल’ ठरलेला एक राफाएल

जमीन घ्यायची तर आपण आधी काय बघतो? सातबारा. कोणाकडून कोणाकडे गेली, फेरफार कधी झाला, मधे एखादी नोंद गाळलेली तर नाही ना. जुन्या चित्रांचंही अगदी तसंच असतं. आज ज्या चित्राबद्दल बोलायचं आहे, त्याचा सातबारा त्या चित्रावरच लिहिलेला होता. फक्त तो रंगाखाली गेला होता.

चित्र आहे पोप दुसरा जूलियस याचं, राफाएलने काढलेलं. पांढरी दाढी, नजर खाली, खुर्चीत बसलेला थकलेला म्हातारा. ही दाढी लक्षात ठेवा. बोलोन्या शहर हातचं गेलं म्हणून १५११ मध्ये जूलियसने ती वाढवली आणि १५१२ च्या मार्चमध्ये काढली. त्या काळी पोप दाढी ठेवत नसत. म्हणजे चित्र केव्हाचं, हे दाढीच सांगते.

हे चित्र रोममधल्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्ये होतं. सणावाराला ते लोकांना दाखवत. वसारीने लिहून ठेवलंय की पोप जणू जिवंत समोर बसलाय असं वाटून बघणाऱ्याला धाक वाटायचा. इथपर्यंत ठीक. पण पुढे या चित्राच्या बऱ्याच नकला झाल्या, थेट तिशियननेही एक केली. मग प्रश्न आला : अस्सल कुठलं?

दोन मुख्य दावेदार होते. एक फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात, दुसरं लंडनच्या नॅशनल गॅलरीत. उफ्फीत्सीतलं चित्र १६३१ मध्ये देल्ला रोव्हेरे घराण्याच्या वारशातून फ्लॉरेन्सला आलं. आता जूलियस स्वतः देल्ला रोव्हेरे! घरच्या माणसाचं चित्र घरात, याहून चांगला पुरावा कोणता? लंडनचं चित्र मात्र अँगरस्टाइन नावाच्या धनिकाच्या संग्रहातलं. १८२४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याची ३८ चित्रं ५७,००० पौंडांना घेतली आणि त्यातून नॅशनल गॅलरी उभी राहिली, त्यातलंच हे एक. त्याच्याकडे ते कुठून आलं, याचा पत्ता नीट लागत नव्हता. त्यामुळे लंडनचं चित्र कितीतरी वर्षं ‘नक्कल’ म्हणूनच नांदलं. गंमत बघा, एवढा मोठा निवाडा चित्राकडे बघून कमी आणि मालकाच्या आडनावाकडे बघून जास्त झाला, असं माझं मत आहे.

चर्चमधून चित्र गेलं कुठे, हे माहीत होतं. १५९१ मध्ये कार्डिनल स्फोंद्रातीने ते उचललं. हा पोप चौदाव्या ग्रेगरीचा पुतण्या. १६०८ मध्ये त्याच्याकडून ते शिपिओने बोर्गेझेकडे गेलं, आणि हा पोप पाचव्या पॉलचा भाचा. (जूलियस स्वतःही पोप चौथ्या सिक्स्टसचा पुतण्याच! या गोष्टीत पुतणे-भाचे फार आहेत.) बोर्गेझेंच्या घरी १६९३ ची चित्रांची यादी आहे, एकेका चित्राला क्रमांक दिलेला. जूलियसच्या चित्राचा क्रमांक ११८. अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्र त्या घरातून बाहेर पडलं आणि वाट हरवली.

१९६९ मध्ये लंडनच्या चित्राचा एक्स-रे काढला. खालच्या कोपऱ्यात, वरच्या रंगाखाली, आकडा दिसला : ११८. तिथले सेसिल गुल्ड यांनी तो बोर्गेझेंच्या यादीशी जुळवला. हरवलेली फेरफार नोंद सापडली.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की आकड्याने काय सिद्ध होतं? एवढंच, की हे बोर्गेझेंचं चित्र. त्यांनाच नक्कल मिळाली नसेल कशावरून? म्हणून एक्स-रेमधली दुसरी गोष्ट महत्त्वाची. आज पोपच्या मागे सपाट हिरवा पडदा दिसतो. त्याखाली आधी पोपच्या किल्ल्या आणि मुकुट यांची नक्षी असलेलं कापड रंगवलं होतं. चित्रकाराने ते मागाहून बदललं. नक्कल करणारा समोर जे तयार आहे तेच उतरवतो, त्याला असा घोळ घालायचं कारण नसतं. आणि नकलांमध्ये तो हिरवा पडदाच आहे. मालकीची साखळी आणि रंगाचे थर एकच गोष्ट सांगतात, तेव्हा निकाल फिरतो. तसा तो फिरला. आज बहुतेक अभ्यासक लंडनचं चित्र अस्सल मानतात आणि उफ्फीत्सीतलं नक्कल.

गोष्ट इथे थांबत नाही. पोपोलो चर्चमध्ये याच्या जोडीला राफाएलचंच आणखी एक चित्र होतं, बाळ येशू, मेरी आणि जोसेफ यांचं. स्फोंद्रातीने दोन्ही एकदमच नेली. या दुसऱ्याला जग ‘लोरेतोची मादोना’ म्हणतं, कारण लोरेतोच्या देवस्थानात असलेलं चित्र अस्सल समजलं जायचं. ती नक्कल होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बोर्गेझेंच्या यादीत त्याचा क्रमांक १३३. फ्रान्समध्ये शांतियीच्या संग्रहालयात एक चित्र नक्कल म्हणून टांगलेलं होतं. १९७९ मध्ये त्याचा कोपरा नीट तपासला, तर तिथे आकडा निघाला : १३३.