लाइट गेली की घरचे सोलर का थांबते?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आदल्या रात्री वळीव झाला होता. वाऱ्याने तारा तुटल्या होत्या. दुपारचे बारा वाजले तरी गावात लाइट नव्हती. ऊन मात्र रखरखत होते.

शेजारचे आबा आमच्याकडे आले. त्यांनी नुकतेच घरावर सोलर बसवले होते. चेहऱ्यावर राग होता.

"गुरुजी, आमची फसगत झाली. वर पॅनेल तापलंय अन् खाली पंखा बंद! शेतातला सोलर पंप तर लाइट नसताना पाणी ओढतो. मग घरचंच का थांबलं?"

आम्ही म्हणालो, "आबा, तुमचे यंत्र बिघडलेले नाही. ते थांबले हेच बरे झाले."

मंडळी, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

पॅनेलवर ऊन पडले की वीज तयार होते. ती एकाच दिशेने वाहते. घरातल्या लाइटीची वीज मात्र सारखी दिशा बदलते. एका सेकंदात तिचे ५० फेरे होतात. पॅनेलच्या विजेला तसे वळण देणाऱ्या यंत्राला इन्व्हर्टर म्हणतात. नेट मीटर लावून गावच्या लाइनीला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःचा ठेका धरत नाही. तो लाइनीचा ठेका ऐकतो आणि त्याप्रमाणे चालतो. लेझीम जशी हलगीवर चालते, तसेच हे. हलगी थांबली की लेझीम थांबते. लाइन गेली की इन्व्हर्टर थांबतो. चांगला इन्व्हर्टर २ सेकंदांच्या आत थांबतो.

त्याला मुद्दाम तसे बनवले आहे. याचे कारण मोठे आहे. लाइट गेली की वायरमन खांबावर चढतो. तार बंद आहे, असे समजून तो काम करतो. अशा वेळी आपल्या घरची वीज मीटरमधून उलटी बाहेर गेली तर? गावची डीपी ११,००० व्होल्टची वीज उतरवून घराला २३० व्होल्टची देते. वीज उलटी गेली तर तीच डीपी ती चढवते. आपल्या घरची वीज तारेवरच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

आबा जरा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "थोरला म्हणत होता, जनरेटरची वायर घरच्या सॉकेटात खुपसतो. म्हणजे लाइन आली असं इन्व्हर्टरला वाटेल."

आम्ही ताडकन उठलो. वेशीजवळच्या खांबावर तेव्हा वायरमन चढलेला होता. पोरगा आमच्याच शाळेत शिकलेला. आम्ही आबांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. थोरल्याच्या हातात वायर होती. ती आधी खाली ठेवायला लावली. मग त्याला खांबावरचा माणूस दाखवला. त्याला वेगळे काही सांगावे लागले नाही.

आता शेतातल्या पंपाचे पाहू. तो पंप गावच्या लाइनीला जोडलेला नसतो. त्याचे यंत्र स्वतःच ठेका धरते. ऊन वाढले की पंप जोरात फिरतो. ढग आला की पाण्याची धार बारीक होते. धार बारीक झाली म्हणून पिकाचे काही बिघडत नाही. घरातल्या टीव्हीला आणि फ्रिजला असे चालत नाही. त्यांना वीज सारखी लागते. लाइन चालू असते तेव्हा कमी पडलेली वीज लाइनीतून येते. जादा झालेली बाहेर जाते. लाइन नसली की हा आधार जातो. मग ढगाची सावली पडताच वीज कमी पडते. शिवाय फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते.

मग बॅटरीशिवाय काहीच मिळत नाही का? थोडे मिळते. जपान देशात पुष्कळ घरांच्या इन्व्हर्टरला एक वेगळे सॉकेट असते. लाइट गेली की मालक हाताने बटण फिरवतो. इन्व्हर्टर लाइनीपासून तुटतो आणि फक्त त्या एका सॉकेटला वीज देतो. तीही १,५०० वॉटपर्यंतच. २०११ साली मार्च महिन्यात तिथे मोठा भूकंप झाला आणि वीज गेली. तेव्हा हे सॉकेट लोकांच्या उपयोगी पडले. मोबाइल चार्ज करणे, रेडिओ लावणे, अशी कामे त्यावर होतात. पण ऊन आहे तोवरच. रात्री काही मिळत नाही. दवाखान्याचे एखादे यंत्र घरी असेल तर त्याने या सॉकेटवर विसंबू नये.

आपल्याकडे २०२४ साली सूर्यघर योजना सुरू झाली. तेव्हापासून खेडोपाडी सोलर दिसू लागले आहे. ते बसवण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : लाइट गेल्यावर हा इन्व्हर्टर चालतो का?

दुसरा : चालत असेल तर बॅटरी लागते का, आणि तिचा खर्च किती?

तिसरा : लाइट नसताना कोणती उपकरणे चालतील, आणि किती वेळ?

उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी जोडता येणारा इन्व्हर्टर घ्यावा. त्याला हायब्रिड इन्व्हर्टर म्हणतात. तो जाणकाराकडूनच बसवून घ्यावा. तो आधी घराला लाइनीपासून तोडतो आणि मगच वीज देतो. तो महाग पडतो. लाइट क्वचित जात असेल तर साधाच पुरे. वीजबिल कमी करण्याचे काम तो चोख करतो.

आणखी एक ध्यानात ठेवा. इन्व्हर्टर बंद असला तरी उन्हात पॅनेलच्या तारांत वीज असतेच. त्यांना हात लावू नये.

चारच्या सुमारास वायरमन खांबावरून उतरला. लाइट आली. आबांच्या इन्व्हर्टरने थोडा वेळ खात्री करून घेतली आणि मग तो आपोआप सुरू झाला. थोरल्याने वायरमनला घरी बोलावून चहा दिला. चार तास पंखा बंद होता, याची तक्रार मग कोणी केली नाही.