पऱ्हाटीची शेगडी

कापूस वेचून झाला, की वर्धा जिल्ह्यातील शेतांत पऱ्हाट्या उरतात. त्यांचा वाळलेला भुसा दाबून पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या करता येतात. त्यांना 'पेलेट' म्हणतात.

धूर म्हणजे बव्हंशी अर्धवट जळलेले इंधन. वर्ध्याच्या मगनवाडीतील 'मगन चूल' तो नळीवाटे घराबाहेर सोडी. पेलेटच्या शेगडीतील चिमुकला पंखा मात्र हवा पुरवून धूर शेगडीतच जाळतो. त्याला काही वॅटच वीज लागते. पण ती गेली, की धूर घरात कोंडतो. म्हणून पंखा बॅटरीवरही चालणारी शेगडी निवडा. कांड्या कोरड्या ठेवा. ओलाव्याची वाफ करण्यातच उष्णता खर्ची पडते. आणि खिडकी सदैव उघडी हवी, कारण विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो!