विषय एक राहिला, वर्ष अख्खं गेलं

‘निकालाच्या पाठीमागे’ – लेखांक सातवा

सेमिस्टरचे निकाल लागले की श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर कॉलेजच्या पोरांच्या तोंडी ठरलेली वाक्यं असतात. ‘एकच राहिला’, ‘इंटरनलला उडालो’, आणि आवाज जरा उतरलेला असला की ‘वायडी लागला’. वायडी म्हणजे इयर डाऊन. पहिल्या दोघांना पुढच्या वर्गात बसायला मिळतं, तिसरा घरी बसतो. ही वाटणी कोणत्या नियमाने होते, ते आज बघू. मागच्या लेखांकात अंतर्गत गुणांचा हिशेब मांडला होता, त्याचाच हा पुढचा टप्पा.

श्रीगोंद्याचं महाराजा जिवाजीराव शिंदे महाविद्यालय असो की काष्टीचं परिक्रमा अभियांत्रिकी, पदवीच्या गुणपत्रिकेवर नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं असतं. १९४९ साली पुणे विद्यापीठ म्हणून सुरू झालेल्या या विद्यापीठाकडे पुणे, नाशिक आणि आपला अहिल्यानगर असे तीन जिल्हे आहेत. नियम तिन्हीकडे एकच. डेक्कनवर राहणाऱ्याला तोच, मांडवगणहून एसटीने येणाऱ्याला तोच. कागदावर तरी.

एटीकेटी, म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’. राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची ही परवानगी. ढोबळ नियम असा की पहिल्या वर्षाचे निम्मे क्रेडिट मिळवले असतील तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वर्षाचे ४४ क्रेडिट धरले तर २२ हातात हवेत. हे दार बऱ्यापैकी मोठं आहे. खरी अडचण पुढच्या दारात. तिसऱ्या वर्षाला जायचं तर दुसऱ्या वर्षाचे निम्मे पुरतात, पण पहिलं वर्ष संपूर्ण सुटलेलं लागतं. त्यात एक पेपरही बाकी चालत नाही. अभियांत्रिकीलाही हाच जिना आहे आणि तिथे शेवटच्या वर्षाच्या आधी दुसरं वर्ष कोरं करावं लागतं. म्हणून तर इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांमध्ये ‘एम थ्री’, म्हणजे तिसरं गणित, हे नाव धसक्यानेच घेतलं जातं.

समजा, मांडवगणची एक मुलगी बीएस्सीला आहे. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रातला एक पेपर राहिला. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, कारण बाकी सगळं सुटलेलं. हिवाळ्यात तिने बॅकलॉगचा पेपर दिला. निकाल उशिरा लागला आणि चार-पाच गुण कमी पडले. तिला वाटलं, पेपर चांगला गेला होता, तपासण्यातच काहीतरी झालंय. तिने आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. एवढ्यात उन्हाळी परीक्षेचे फॉर्म सुटले. घरी बोलणं झालं की रिव्हॅल्युएशनमध्ये सुटणारच आहे, तर उगाच पुन्हा फी कशाला? फॉर्म भरायचा राहिला. विलंब शुल्काची तारीख गेली, अतिविलंबाचीही गेली. आणि मग निकाल आला: ‘नो चेंज’.

दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या विषयांत ही मुलगी चांगल्या गुणांनी सुटली आहे. तरी तिसऱ्या वर्षाचं दार बंद. तिच्याकडे संधी नव्हती का? होती, नियमाप्रमाणे दोनदा होती. पण त्यातली एक तिने दुसरीच्या भरवशावर सोडली, कारण दोन्हींच्या तारखा एकमेकींवर चढल्या होत्या.

विद्यापीठाच्या नियमांत संधी भरपूर आहेत, कमी आहेत त्या तारखा. पेपर पुन्हा देता येतो, अनेकदा देता येतो, पण तो कधी देता येतो आणि आधीचा निकाल त्याच्या आत हातात पडतो का, यावर मुलाचं वर्ष ठरतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ मध्ये परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो लावावा, असं लिहिलेलं आहे. ही मुदत पाळली गेली तर वरची अर्धी गोष्ट घडतच नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल इतके लांबले की अखेर कुलगुरूंना पद गमवावं लागलं. मुलांचे मात्र पुढचे प्रवेश हुकले ते हुकलेच.

कॉलेजच्या कार्यालयात एक शब्द सारखा ऐकू येतो, ‘इनवर्ड’. विद्यार्थ्याने ऑनलाइन फॉर्म भरला, फीही भरली, की त्याला वाटतं झालं काम. पण कॉलेजने आपल्या लॉगिनमधून तो इनवर्ड करेपर्यंत विद्यापीठाच्या लेखी तो फॉर्म आलेलाच नसतो. रेग्युलर मुलं रोज वर्गात असतात, त्यांना कुणीतरी सांगतं. बॅकलॉगवाला, त्यातून वायडी लागलेला, कॉलेजात येतच नाही. प्रवेश नाही म्हणून बोनाफाईड नाही, बोनाफाईड नाही म्हणून एसटीचा पास नाही, शिष्यवृत्तीचं नूतनीकरणही नाही. तो उसाला पाणी देत असतो नाहीतर लिंबाच्या बागेत असतो, आणि फॉर्मची शेवटची तारीख त्याला मित्राच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळते. मुलगी असली तर त्या रिकाम्या वर्षात स्थळं यायला लागतात. याची नोंद विद्यापीठाच्या कुठल्याच लेजरमध्ये होत नाही.

उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आज आपण गृहीत धरतो. पण तो मिळायला वेळ लागला, आणि त्यातला एक मोठा खटला आपल्याच राज्य मंडळाचा आहे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पुनर्मूल्यांकनाचा हक्क मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण १९८४ मध्ये परितोष शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मंडळाने फक्त बेरीज तपासून देण्याचा नियम केला असेल तर तो वैध आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला आणि २०११ च्या आदित्य बंडोपाध्याय निकालाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. मात्र दुसऱ्यांदा तपासून घेण्याचा हक्क आजही ज्या त्या विद्यापीठाच्या नियमांतूनच मिळतो. माझा सल्ला रोखठोक आहे: रिव्हॅल्युएशन टाकलं असलं तरी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भराच. फी बुडाली तर बुडू द्या.

ग्रेस मार्कांबद्दल थोडक्यात. एकूण गुणांच्या १ टक्क्याच्या मर्यादेत हे गुण मिळतात, त्यासाठी अर्ज लागत नाही. पण परीक्षा त्यांनी सुटत असेल तरच मिळतात. ‘दोन गुण तरी वाढवा’ म्हणून प्राचार्यांकडे जाण्यात अर्थ नसतो, प्राचार्यांच्या हातात काहीच नसतं. एनएसएस, एनसीसी, खेळ यांची तरतूद वेगळी आहे.

बाहेर काय चालतं? इंग्लंडमधल्या बहुतेक विद्यापीठांत पुन्हा दिलेल्या पेपरात कितीही गुण पडोत, नोंद फक्त उत्तीर्णतेपुरत्या गुणांची, बहुधा ४० ची होते. जर्मनीत अनेक ठिकाणी तीन प्रयत्न, आणि तिसराही फसला की तो अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही घेता येत नाही. त्यामानाने आपला नियम दयाळू आहे. मात्र आपल्याकडून एमएससाठी तिकडे जाणाऱ्या मुलांना बॅकलॉगचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा जुने प्रयत्न मोजले जातातच.

तिसऱ्या वर्षाच्या दाराशी अडवण्यामागे तर्क आहे, तो मला नाकारायचा नाही. पहिल्या वर्षाचं गणित न आलेल्याला तिसऱ्याचं कसं येणार? पण राहिलेला पेपर भाषेचा किंवा पर्यावरणाचा असेल तर हा तर्क टिकत नाही, आणि नियम दोन्हींत फरक करत नाही. उपाय दूर शोधायला नको. राज्य मंडळाने २००९ मध्ये दहावीला एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत बसू दिलं. २०१५ पासून ऑक्टोबरची वाट न पाहता दहावीची फेरपरीक्षा जुलैत घेतली. लाखोंची परीक्षा घेणाऱ्या मंडळाला जे जमलं, ते पहिल्या वर्षाच्या राहिलेल्या पेपरांपुरतं विद्यापीठाला जमायला हरकत नसावी. निकालानंतर दीड महिन्यात, तिसऱ्या वर्षाचे प्रवेश बंद होण्याआधी एक फेरपरीक्षा घ्यावी आणि तिचं केंद्र तालुक्यालाच ठेवावं. अनेक स्वायत्त महाविद्यालयं आपल्यापुरती अशी परीक्षा घेतातच.

अभ्यासक्रमच बदलला की जुन्या बॅकलॉगचं काय होतं, हा प्रश्न उरतो. अभियांत्रिकीला २०१२, २०१५, २०१९, २०२४ असे पॅटर्न एकामागून एक आले, आणि प्रत्येक वेळी काही मुलं दोन पॅटर्नच्या मध्ये अडकली. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.